कुंडावरचा उन्हाळा

नदी पाहायची ती पावसाळ्यात, अशी आपली समजूत असते. कुकडी मात्र भर उन्हाळ्यात पाहावी, आणि तीही निघोजच्या कुंडावर, असं मी आग्रहानं सांगेन.

पुण्याहून नगर रस्त्यानं शिरूर गाठायचं आणि तिथून निघोजकडे वळायचं. नदीच्या अलीकडे शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज. मधे काळ्या कातळात कुकडीनं कोरून काढलेली खोल, अरुंद घळ. दोन्ही काठांवर मळगंगेची देवळं आहेत. निघोजला चैत्रात तिची मोठी यात्रा भरते.

या घळीच्या भिंती जरा थांबून पाहा. त्या कुठेच सरळ नाहीत. उभा अर्धा चिरलेला रांजण, त्याला लागून दुसरा, पुढे तिसरा. घळ तयार झाली ती अशीच. पुराच्या पाण्याला भोवरे पडतात, त्यांत दगडगोटे सापडतात आणि गरगर फिरत खालचा कातळ घासत राहतात. खळगा खोल होतो, तसा गोटा त्यात अधिकच अडकतो. शेजारचे दोन खळगे रुंदावत जवळ आले की मधली भिंत पातळ होते आणि अखेर ढासळते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा हा बेसाल्ट. नुसत्या पाण्याला तो दाद देत नाही. खरी धार आहे ती या गोट्यांची.

पुरात हे काम चालू असतं, पण दिसत नाही. पाणी ओसरलं की कोरड्या रांजणात डोकावा. तळाशी ते गुळगुळीत गोटे पडलेले दिसतील. कृपा करून ते आठवण म्हणून घरी आणू नका, आणि पाण्याच्या बाटल्या तर रांजणांत मुळीच टाकू नका. येत्या पावसात त्या गोट्यांना पुन्हा कामाला लागायचं आहे.

मुलं बरोबर असतील तर त्यांचा हात सोडू नका. कडा झिजून निसरड्या झालेल्या आहेत आणि डोहाच्या खोलीचा अंदाज येत नाही. तिथे पोहायला उतरूच नये. वर कुकडी प्रकल्पाची धरणं आहेत, तेव्हा पाणी सोडलेलं आहे का, हे गावात आधी विचारून घ्या. आणि निघा पहाटेच. दुपारी तो काळा कातळ इतका तापतो की पाय ठेववत नाही. ऊन चढण्याआधी घळ पाहून झाली, की मग देवळाच्या सावलीत निवांत भाकरी सोडायची.