वाकसाचं पाणी
लोहा तालुक्यातली माळेगावची यात्रा म्हटली की घोडे, उंट आठवतात. मी मात्र भंगाराच्या गाड्यापाशी रेंगाळतो. सुताराचा लाकूड तासायचा वाकस, पटाशी, गिरमिट तिथं किलोवर जातात!

गंजलेला वाकस दिसला, की दोरीला लटकवून टिचकी मारा. खणखणला तर घ्या. बद्द वाजला, तर चीर असणार. घरी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी काथ्यानं घासा, सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच कोरडा करा.

धार मात्र ग्राइंडरवर नको. पोलाद तापून निळं पडलं, की लोहारानं दिलेलं पाणी उतरलंच. मग धार टिकत नाही. धारेच्या दगडावर, पाणी शिंपडत, सबुरीनं घासावं. दांड्याला आपल्याकडचं जवसाचं तेल चोळा. ते हवेत वाळतं. शेंगदाण्याचं चिकट राहतं.

जुन्या वस्तू जमवायचा नाद माझा एकट्याचा नाही. पुण्यात संग्राहक दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे असंच जमवले आणि पुढं सगळा संग्रह सरकारला दिला. माझ्याकडं जेमतेम नऊ अवजारं. एका वाकसाच्या दांड्यावर कुणाच्या तरी अंगठ्यानं पडलेला खळगा आहे. तिथं मी पॉलिशपेपर लावलेला नाही.