प्रवाळ आणि निळा दिवा



बालाघाटच्या माथ्यावर, वैशाखाच्या तोंडाशी, समुद्रातील प्रवाळांविषयी बोलावयास उभे राहणे हा थोडा आगाऊपणाच आहे. परंतु काचेच्या पेटीत खारे पाणी करून त्यात जिवंत प्रवाळ ठेवण्याचा छंद आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. त्या पेट्यांवरचा निळा उजेड आपल्या मुलांनी मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेला आहे. हा निळा रंग शोभेचा की गरजेचा, एवढाच आजचा प्रश्न. उत्तर चुकले तर पेटीतला जीव जातो, म्हणून तो जरा बारकाईने पाहू.

आधी शब्दाचा एक घोळ दूर करावा लागेल. प्रवाळ म्हटले की आपल्याला सोनाराकडचे, मंगळाच्या अंगठीतले पोवळे आठवते. ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्रात, बहुधा काळोख्या कपारींतून वाढते. त्याला उजेडाची गरज नसते. आपण बोलत आहोत ते खडक बांधणारे प्रवाळ निराळे. ते प्राणीच, पण त्यांच्या मांसल अंगात सूक्ष्म शैवाल राहते, आणि त्या प्राण्याच्या अन्नाचा मोठा वाटा हे भाडेकरूच सूर्यप्रकाशावर शिजवून देतात. तेव्हा दिवा लावायचा तो माशांसाठी नव्हे, पाहुण्यांसाठी तर नव्हेच. तो या शैवालासाठी.

मग निळाच का? १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन विलायतेहून ‘नारकुंडा’ बोटीने परतत होते. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ मानीत. रामन यांनी निकोल प्रिझम डोळ्याशी धरून ते प्रतिबिंब बाजूला सारले, तरी पाणी निळेच. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच्या जोडीला दुसरी गोष्ट अशी की, पाणी तांबडा प्रकाश फार लवकर गिळते. दहा मीटर खोल गेलेल्या पाणबुड्याच्या बोटाला कापले, तर रक्त त्याला लाल न दिसता काळपट हिरवे दिसते. स्वच्छ समुद्रात सर्वांत खोल पोहोचतो तो निळा किरण.

आपल्या महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. विजयदुर्गच्या पश्चिमेस, किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला ‘आंग्रिया बँक’ म्हणतात. आपले बालाघाटचे पठार उन्हात तापते आणि ते पठार वीसेक मीटर पाण्याखाली बुडालेले, एवढाच फरक! तेथील प्रवाळांच्या वाट्याला मुख्यतः निळा उजेड येतो. त्यांच्या शैवालातील हरितद्रव्य ४३० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश उत्तम शोषते, आणि पेरिडिनिन नावाचे रंगद्रव्य त्यापुढचा निळा-हिरवा पट्टा सांभाळते. मात्र यावरून सरसकट नियम काढू नये. मुंबईच्या गढूळ किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत, आणि गढूळ पाण्यात निळा किरणच आधी अडतो व हिरवा पुढे जातो. जीव जेथला, तेथला उजेड त्याला द्यावा.

आता प्रत्यक्ष दिव्याकडे वळू. घरातला निळा झिरोचा बल्ब किंवा जत्रेतल्या तंबूत दिव्यावर लावलेला निळा जिलेटीन कागद येथे कामाचा नाही. रंगीत काच निळा प्रकाश निर्माण करीत नाही. बाकीचे रंग अडवून दिव्यात मुळात असेल तेवढाच निळा बाहेर सोडते, आणि तारेच्या दिव्यात तो फारच थोडा. खराखुरा झगझगीत निळा दिवा जपानमध्ये १९९० नंतरच्या वर्षांत हाती आला. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्याबद्दल २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरोघरचा पांढरा एलईडी हाही पोटातून निळाच असतो. वर पिवळा लेप दिला की तो पांढरा दिसतो.

खरेदी करताना डोळ्यावर आणि ल्युमेनच्या आकड्यावर विसंबू नये. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत तीक्ष्ण. ४५० च्या निळ्याला त्याच्या चार टक्केही नाही. ल्युमेन आणि लक्स ही मापे याच डोळ्याच्या हिशेबाने बांधलेली आहेत. त्यामुळे निळा दिवा आपणास मंद वाटतो आणि प्रवाळ मात्र त्याखाली भाजत असतो. शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारे पार-मीटर वेगळे मिळते. मिळेल तेथून ते उसने आणावे. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५०, आणि फांद्यांच्या कठीण जातींना २०० ते ३५० एवढा आकडा छंदी लोक धरतात. नवा दिवा पहिल्या दिवशी पूर्ण जोराने लावणे हा शुद्ध अविचार. प्रवाळ दचकतो, शैवाल गमावतो आणि पांढराफटक पडतो. अल्प जोरावर सुरुवात करून काही आठवड्यांत वाढवीत न्यावे. दिवसाला आठ-दहा तास पुरे.

माझे मत विचाराल तर, ४५० आणि ४७० च्या आसपासचे निळे दिवे मुख्य, थोडा पांढरा जोडीला, आणि प्रत्येकाचा जोर वेगळा कमी-जास्त करता येईल, असा संच घ्यावा. नुसत्या निळ्याखाली प्रवाळ हिरवे-केशरी चमकतात, कारण त्यांच्या अंगातील प्रथिने निळा घेऊन दुसरा रंग सोडतात. ते दृश्य मनोहर आहे, नाही असे नाही. पण त्या झगमगाटात पांढरा पडू लागलेला प्रवाळ ओळखू येत नाही. दिवसातून एकदा तरी पांढऱ्या उजेडात त्याची प्रकृती पाहावी.

प्रवाळ आणायचा कोठून, हा प्रश्न कायद्याचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने खडक बांधणारे प्रवाळ पहिल्या अनुसूचीत घातले आहेत. मालवणला सहलीस गेलेल्याने तेथून एक तुकडा पिशवीत घालून आणला, तरी तो गुन्हा आहे. विकणारा कागदपत्रे दाखवीत नसेल, तर तेथून निघून यावे.

राहिली आपली वीज आणि आपला उन्हाळा. या जीवांना पाणी २४ ते २७ अंशांचे लागते; धारुरात पारा चाळिशीला टेकतो आणि वर दिव्याची ऊब. पंखा किंवा थंड करणारे यंत्र यांचा खर्च दिव्याच्या खर्चातच धरावा. वीज गेली तर एक दिवसाच्या अंधाराने प्रवाळ मरत नाही, पण पाणी हलायचे थांबले की काही तासांत पेटीतील जीव गुदमरू लागतात. म्हणून बॅटरी दिव्याला नव्हे, आधी पंपाला जोडावी.