चालीचे मोजमाप

(पळस्पे येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या पळस्पे फाट्यावर एक रस्ता पुण्याकडे वळतो, दुसरा गोव्याकडे. त्या रस्त्यांवरील वाहनांची वेळोवेळी मोजणी होते. पण आपल्या घरातील वडीलधारी माणसे कशी चालतात, हे आपण कधी मोजले आहे काय? दादी पाय घासत चालतात, अब्बा जमिनीवरून उठताना भिंत धरतात. 'वय झाले' म्हणून आपण गप्प बसतो. वास्तविक आखूड पावले आणि चालताना न हलणारा एक हात ही कंपवाताची सुरुवातीची लक्षणे असू शकतात.

माणूस दवाखान्यात दहा पावले चालतो तेव्हा तो सावध असतो. घरच्या उंबऱ्यावर, ओल्या अंगणात त्याची खरी चाल दिसते. ती टिपण्यासाठी आता काडेपेटीएवढी बिनतारी उपकरणे निघाली आहेत. ती घोट्याला व कमरेला पट्ट्याने बांधतात. आत सिलिकॉनचा सूक्ष्म भार लवचीक पट्ट्यांवर टांगलेला असतो. पाऊल पडताच तो किंचित सरकतो आणि त्याची विद्युत नोंद होते. दुसरा भाग पाय किती वळला ते सांगतो. अशा नोंदी सेकंदाला सुमारे शंभर वेळा घेतल्या जातात व बिनतारी मार्गाने संगणकाकडे जातात.

यात एक अडचण असते. लहान लहान चुका साचत जाऊन हिशेब भरकटतो. त्यावरचा उपाय सोपा, पण मोठा चतुर आहे. पाऊल जमिनीवर पूर्ण टेकते त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो. म्हणून प्रत्येक पावलाला हिशेब शून्यावर आणून पुढे चालवतात. निरोगी माणसाचे प्रत्येक पाऊल चालण्याच्या चक्रातील सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असते. पक्षाघातानंतर दोन पायांतील हा मेळ बिघडतो. व्यायामाने तो किती सुधारला, हे आकड्यांत दिसते.

हे आकडे क्षुल्लक नाहीत. २०११ साली अमेरिकेत ३४,४८५ वृद्धांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चालण्याचा वेग आणि पुढील आयुष्य यांचा निकट संबंध त्यात आढळला.

उपकरण नसले तरी आपण एक गोष्ट करू शकता. घरात चार मीटर अंतर आखा. थोडे आधीपासून वडीलधाऱ्यांना नेहमीच्या चालीने चालू द्या आणि तेवढ्या अंतराचा वेळ घड्याळात पाहा. पाच सेकंदांहून अधिक लागले, तर डॉक्टरांना दाखवा. मात्र त्यावरून स्वतःच रोग ठरवू नका. यंत्र असो वा घड्याळ, ते केवळ आकडा देते. त्याचा अर्थ जाणकारच लावतो.

मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पण पडून खुबा मोडल्यावर तेथवर जाण्यापेक्षा आधी सावध होणे बरे नव्हे काय?

विद्यार्थी मित्रहो, या उपकरणामागे पदार्थविज्ञान, गणित व शरीरशास्त्र एकत्र आले आहे. त्वरण म्हणजे काय, हे तुम्ही वर्गात शिकता. तेच दादीच्या घोट्यावर मोजले जाते. मुलांनो आणि विशेषतः मुलींनो, बारावी विज्ञानानंतर फिजिओथेरपीचा मार्ग तुम्हांला खुला आहे. पालकांनी तो अडवू नये, एवढीच माझी विनंती.