हँडलवरचा आसूड



अमेरिकेत मोटरसायकलस्वारांचा जथा रस्त्यानं जाताना पाहिलात, तर काही गाड्यांच्या हँडलला, क्लचच्या दांडीपाशी, चामड्याची एक वेणी लोंबताना दिसेल. लांबी साधारण दोन हात. चार किंवा आठ वाद्या एकमेकींत गुंफून ती गोल विणलेली असते आणि खाली मोकळ्या पट्ट्यांचा झुबका सोडलेला असतो. गाडीनं वेग घेतला की ती मागं उडते. तिथले स्वार तिला ‘गेट-बॅक व्हिप’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं, तर ‘मागे हो’ म्हणून दटावणारा चाबूक.

ही वेणी मी पहिल्यांदा हातात घेतली ती सॅन होजेला, भाच्याच्या शेजाऱ्याच्या अंगणात. त्यानं ती एका झटक्यात गाडीवरून सोडवून माझ्या हातात दिली. कशी सुटली, हे मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. वर धातूचा आकडा असतो आणि त्यावर सरकणारी एक नळी. नळी ओढली की आकडा उघडतो, वेणीवर कितीही ताण असला तरी उघडतो. याला ‘पॅनिक स्नॅप’ म्हणतात आणि तो मूळचा तबेल्यातला. बांधलेला घोडा बिथरून दोराला हिसके देऊ लागला की गाठ आवळत जाते, ती सोडवायला वेळ नसतो. त्या क्षणी जनावराला मोकळं करता यावं म्हणून ही युक्ती.

तबेल्यातली एवढी एकच गोष्ट मोटरसायकलवर आली असती, तर मी तिला योगायोग म्हणालो असतो. पण जुन्या कॅलिफोर्नियातल्या वाकेरोंकडे पाहा. वाकेरो म्हणजे स्पॅनिश आणि मेक्सिकन परंपरेतले गुराखी. त्यांचे लगाम कच्च्या चामड्याच्या वाद्यांचे, बारीक विणीचे. दोन्ही लगाम एकत्र येतात तिथून पुढं एक लांब वेणी निघते आणि तिच्या टोकाला चामड्याची पट्टी असते. हा ‘रोमाल’. लगामालाच जोडलेला चाबूक. घोडा हाकायला, गुरं वळवायला आणि तेवढाच मिरवायलाही. लगामाच्या जागी क्लचची दांडी ठेवा, गेट-बॅक व्हिप डोळ्यांपुढं उभा राहतो. एकातून दुसरा निघाल्याचा दाखला मी देत नाही. पण स्वारी बदलली तरी स्वाराच्या हाताची सवय बदलत नाही, हे मला त्या अंगणात पटलं.

स्वार मात्र वेगळी गोष्ट सांगतात. मोटारवाले फार जवळ येत, मोटरसायकलला खेटत, मग स्वार हा चाबूक सोडवून त्यांच्या काचेवर ओढत. या दंतकथेला जोर येतो तो कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावापासून. 1947 सालच्या 4 जुलैच्या सुट्टीत साडेचार हजार वस्तीच्या या गावात हजारो मोटरसायकलस्वार जमले. दारू, शर्यती, धिंगाणा, अटका, सगळं झालं. मग ‘लाइफ’ साप्ताहिकानं बाटल्यांच्या ढिगात मोटरसायकलवर बसलेल्या एका माणसाचा फोटो छापला. तो मुद्दाम जुळवून आणला होता, असं पुढं अनेकांनी सांगितलं. 1953 साली मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ आला आणि चामड्याचं जाकीट घातलेला स्वार म्हणजे धोका, ही समजूत घट्ट बसली. त्या समजुतीच्या पोशाखात चाबूक अगदी शोभून दिसतो. हॉलिस्टर हे त्याच वाकेरोंच्या मुलखातलं गाव, ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मला तीच जास्त मोलाची वाटते.

आता कायदा. इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण लोक चुकतात ते इथंच. चामड्याची नुसती वेणी ही कायद्याची अडचण नाही. अडचण आहे ती गाठीत. काही वेण्यांच्या टोकाला किंवा मुठीत घट्ट गोल गाठ असते आणि तिच्या आत शिशाचा किंवा पोलादाचा गोळा. ही गाठ खलाशांची. जहाज धक्क्याला लागताना जाड दोरखंड फेकता येत नाही, म्हणून आधी बारीक दोरी फेकतात. ती वाऱ्यात भरकटू नये म्हणून टोकाला वजनदार गाठ, ‘मंकी फिस्ट’, माकडाची मूठ. तीच दोरी बंदराच्या गल्लीत माणसाच्या डोक्यावर बसू लागली, तेव्हा तिला ‘स्लंगशॉट’ हे नाव पडलं. ही गोफण नव्हे, गलोलही नव्हे. हातात धरून फिरवायचं, टोकाला बांधलेलं वजन.

अब्राहम लिंकन यांनी वकील म्हणून लढवलेला एक गाजलेला खटला अशाच हत्याराचा. ऑगस्ट 1857 मध्ये इलिनॉयमध्ये एका रात्री मारामारी झाली, त्यात एक माणूस गेला. आरोप आला डफ आर्मस्ट्राँग या तरुणावर. चांदण्यात स्लंगशॉट मारताना आपण पाहिलं, असं साक्षीदार म्हणाला. मे 1858 मध्ये बिअर्ड्सटाउनच्या कोर्टात लिंकननी पंचांग उघडलं. त्या वेळी चंद्र मावळतीकडं पार खाली आला होता. आर्मस्ट्राँग सुटला. पंचांगाची गोष्ट सगळे सांगतात. पण त्याच खटल्यात दुसऱ्या एका माणसानं शपथेवर सांगितलं, की पुराव्यातला तो स्लंगशॉट माझा आहे. चामड्यात शिवलेलं वजन, आणि ते कुणाचं होतं, यावरही एका तरुणाचा जीव टांगला होता.

कॅलिफोर्नियानं 1917 साली अशा हत्यारांवर बंदी घातली. आज दंडसंहितेच्या कलम 22210 मध्ये बिली, ब्लॅकजॅक, सॅप अशा सोट्यांची आणि स्लंगशॉटची नावं आहेत. नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा. मग माझ्या भाच्याच्या शेजाऱ्याचं काय? याचं उत्तर शोधताना मी 1965 सालच्या ग्रब खटल्यापाशी येतो. एका माणसाच्या मोटारीत तुटकी बेसबॉलची बॅट सापडली, धरायच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. स्वसंरक्षणासाठी बाळगली, असं त्यानंच कबूल केलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं असं, की मैदानावर बॅट घेऊन उभं असलेलं पोर गुन्हेगार नाही. पण वस्तू, तिच्यात केलेला बदल, ती कुठं आणि कशासाठी बाळगली, हे सगळं मिळून तिचं हत्यार होऊ शकतं.

पोतराजाच्या हातात आसूड पाहिलेल्या आपल्या लोकांना हे परकं वाटू नये. तो कडाडतो, पोतराजाच्या स्वतःच्याच अंगावर पडतो, आणि पोरंबाळं घाबरली तरी कुणी त्याला शस्त्र म्हणत नाही.

अमेरिकेत मात्र राज्य बदललं की उत्तर बदलतं. टेक्सासनं 2019 साली सोटे बाळगण्यावरची बंदी उठवली. स्वार सीमा ओलांडतो, वेणी तीच असते. म्हणून मला त्या नावाचीच काळजी वाटते. ‘मागे हो’ हे नाव कौतुकानं सांगणारा स्वार पोलिसापुढं स्वतःचा हेतूच सांगून बसतो. जिथं ग्रबसारखी कसोटी लावतात, तिथं हे नाव त्याच्या विरुद्ध जाऊ शकतं.

त्या शेजाऱ्याची वेणी मी शेवटपर्यंत चाचपून पाहिली. आत वजन नव्हतं. विणीत एकही वादी उलटी पडलेली नव्हती. मुठीशी त्यानं बापाच्या जुन्या खोगिराची एक पट्टी गुंफली होती, आणि ती दाखवताना त्याचा आवाज हळू झाला होता.