पाण्याची शुश्रूषा

आमच्या रत्नागिरीत माशासाठी रडणारा माणूस म्हणजे चेष्टेचाच विषय. मिरकरवाडा बंदरावर रोज टोपल्या भरभरून मासळी उतरते, घरोघरी बांगड्याचं कालवण शिजतं. माझ्याही घरी शिजतं. अशा गावात मी, पन्नाशी उलटलेला माणूस, वीतभरही नसलेल्या एका माशासाठी अकरा रात्री जागलो. त्या अकरा रात्रींविषयी आज आपल्याशी बोलणार आहे.

२०१६ साली माझ्या अम्मीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. दिवसभर ती छताकडे पाहत पडून असायची. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. एक दिवस ती प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि त्यात एक सोनमासा घेऊन आली. म्हणाली, "अब्बा, दादीला बघायला काहीतरी हलतं हवं." अम्मीनं त्याचं नाव ठेवलं सोन्या. इतर शब्द तिच्या तोंडून तुटत तुटत यायचे, हा मात्र नीट यायचा.

२०१८च्या पावसाळ्यात अम्मी गेली. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली. सोन्या राहिला. मासा तीन सेकंदांत सगळं विसरतो, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. सोनमासे शिकतात आणि शिकलेलं महिनोन्महिने लक्षात ठेवतात, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. मी खोलीत आलो की सोन्या काचेपाशी यायचा. बायको आली तर नाही यायचा, कारण दाणे मी टाकत असे. प्रेम म्हणा किंवा भूक म्हणा, पण घरात कोणीतरी माझी वाट पाहत होतं.

२०२२च्या मे महिन्यात ईद होती. ईदसाठी सगळं घर झाडलं, पुसलं. त्याच उत्साहात मी टाकीही रिकामी केली. खडे चोळून धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. टाकी नुसती लखलखत होती. आठवड्याभरानं सोन्याचं पोट फुगलेलं दिसलं. पुढे दोन दिवसांत त्याचे खवले उभे राहिले. वरून पाहिलं तर पिकायला आलेल्या सीताफळासारखा दिसत होता.

गुराढोरांचे डॉक्टर गावात आहेत, माशाचा कुठून असणार? शेजारच्या आळीतला एक मुलगा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकत होता. त्याला बोलावलं. तो टाकीपाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग त्यानं मला जे सांगितलं, ते सहा वर्षं मासा पाळूनही मला ठाऊक नव्हतं.

गोड्या पाण्यातल्या माशाचं शरीर बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे कल्ल्यांतून आणि कातडीतून पाणी सतत आत शिरत राहतं. ते बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडं रात्रंदिवस करतात. ती थकली की पाणी अंगातच साठतं, पोट फुगतं, खवले उभे राहतात. म्हणजे हा स्वतंत्र रोग नव्हे, आतलं काहीतरी बिघडल्याची खूण. बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि पाणी बिघडून मासा अशक्त झाला की त्याला संधी मिळते. खवले उभे राहिल्यावर फार थोडे मासे वाचतात, हेही त्यानं लपवलं नाही.

मी विचारलं, "पण पाणी तर मी नुकतंच स्वच्छ केलं होतं." तो हळूच म्हणाला, "काका, तेच जास्त झालं." माशाच्या श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. तो विषारी. स्पंजावर आणि खड्यांवर राहणारे उपकारक जिवाणू त्याचं रूपांतर कमी घातक क्षारांत करतात. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. मी ती एका दुपारी नळाखाली धुऊन टाकली. वर नळाच्या पाण्यात क्लोरिन, आणि मे महिन्याचा उकाडा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो.

मग शुश्रूषा सुरू झाली. सोन्याला वेगळ्या टबात ठेवलं, हवेचा पंप लावला. मुलानं सांगितलेल्या मापानं एप्सम सॉल्ट घातलं, अंगात साठलेलं पाणी ओढून काढायला ते मदत करतं. औषध दिलं. रोज थोडं पाणी काढायचं आणि क्लोरिन घालवलेलं, तेवढ्याच तापमानाचं पाणी अलगद ओतायचं. अम्मीच्या आजारपणात मी तिला कुशीवर वळवत असे, पाठ पुसत असे, कपाळावर हात ठेवत असे. इथे हात लावायची सोय नव्हती. हाताळलं तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तेच त्याचं कवच. माशाची सेवा म्हणजे पाण्याची सेवा. उशाशी बसायचं आणि पाणी सांभाळायचं.

आठव्या दिवशी त्यानं खाणं सोडलं. तळाशी एका कुशीवर पडून राहिला, फक्त कल्ले हलत होते. मुलानं शेवटचा मार्ग सांगितला. लवंगेच्या तेलानं माशाला गुंगी येते. मात्रा वाढवली की तो झोपेतच जातो. दाढदुखीसाठी आणलेली बाटली घरात होतीच. मी ती काढून टबाशेजारी ठेवली. आज संध्याकाळी म्हटलं, उद्या सकाळी म्हटलं, आणि तीन दिवस तसेच काढले. तेव्हा मी त्याला दया म्हणत होतो. आता प्रामाणिकपणे सांगतो, मला धीर होत नव्हता. ते तीन दिवस मी माझ्यासाठी घेतले आणि त्याची किंमत त्यानं मोजली. आपल्यापैकी कुणावर अशी वेळ आली, तर एवढं स्वतःला जरूर विचारा की आपण वाट पाहतो आहोत ती कोणासाठी.

अकराव्या रात्रीनंतर, पहाटेच्या अजानच्या सुमारास, कल्ले थांबले. माझा हात सवयीनं पुढे गेला, डोळे मिटवायला. अम्मीचे मीच मिटवले होते. मग लक्षात आलं, माशाला पापण्याच नसतात. तिथे मात्र मला रडू आवरलं नाही.

मोगऱ्याच्या आळ्यात त्याला पुरलं. लोक भेटले. एक म्हणाले, "अहो, शंभर रुपयांत दुसरा मिळेल." दुसरे जरा समजूतदार. म्हणाले, "तुम्हांला आईची आठवण आली असणार, म्हणून इतकं लागलं." हे बोलणं मला पहिल्यापेक्षा जास्त टोचलं. अम्मीसाठी मी अम्मीसाठीच रडलो होतो. हे रडणं सोन्याचं होतं. लहान दुःखाला मोठ्या दुःखाची ओळख दाखवल्याशिवाय दारात उभं राहू देत नाहीत, असं कशाला?

टोचणी वेगळीच होती. सोनमासा नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा सोनमासा १९९९पर्यंत, ४३ वर्षं जगला. आणि माझा सहाव्या वर्षी गेला. मीच मारला का त्याला? पुण्याहून मुलगी फोनवर म्हणाली, "अब्बा, चूक झाली असेल. पण वाईट करायचं म्हणून तर केलं नव्हतं. टाकी लगेच आवरू नका." नाही आवरली. कित्येक दिवस रिकाम्या टाकीतला पंप घुरघुरत ठेवला. त्या आवाजाशिवाय झोप येईना. मग एका रात्री बंद केला आणि झोप लागली.

अम्मी हदीसमधली एक गोष्ट सांगायची. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून जोड्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची. त्याला माफी मिळाली, असं ती सांगायची. मी पाणी पाजण्यात चुकलो. त्या चुकीचं काय करायचं, हे मला पुष्कळ दिवसांनी सुचलं.

समोरच्या घरातला चौथीतला मुलगा मासा पाळायचा म्हणून हट्ट धरून बसला होता. टाकी धुऊन, उन्हात वाळवून मी त्याला दिली. दुसऱ्याच दिवशी तो पैसे मुठीत घेऊन दुकानात निघाला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, "बाळा, आधी पाणी भर, फिल्टर सुरू कर, रोज चिमूटभर दाणे टाक. महिना-दीड महिना पाणी तयार होऊ दे. मग पाणी तपासू आणि मासा आणू." तो हिरमुसला. पण थांबला. मीही रोज त्याच्याबरोबर ती रिकामी टाकी पाहायला जात होतो.