काळा पडदा



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए. घरातला फ्यूज उडाला तरी शेजाऱ्याला हाक मारतो. व्हिडिओ कॅप्चर कार्ड कसं निवडावं यावर मी बोलणार, हे कळल्यापासून माझी आपा हसते आहे. तिचं हसणं रास्त आहे, ते का हे आता सांगतो.

गोष्ट 2013 सालची. माझे दुल्हेभाई तेव्हा दम्मामला नोकरीला होते. दोन वर्षांतून एकदा घरी यायचे. 2011च्या सुट्टीत त्यांनी मुलासाठी प्लेस्टेशन 3 आणलं. पोरगा त्यावर फुटबॉल खेळण्यात तरबेज झाला, पण बापाने त्याचा एकही सामना पाहिला नव्हता. अख्खा सामना साठवण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. टीव्हीसमोर मोबाइल धरून पाहिला, तर चित्रापेक्षा ट्यूबलाइटच जास्त दिसे. मग त्याने साठवलेली ईदी माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "मामू, मुंबईहून कॅप्चर कार्ड आणाल?"

हे कार्ड म्हणजे एक छोटी डबी. यंत्रातून टीव्हीकडे निघालेलं चित्र ती मधेच घेते, एक प्रत टीव्हीला देते, दुसरी कॉम्प्युटरला. खोक्यावर 'एचडीएमआय' असं ठळक छापलेलं पाहून मी घेऊन टाकलं. घरी जोडलं, तर पडदा काळाकुट्ट. वायर बदलली, कॉम्प्युटर बदलला. "मामू, सगळं काळंच दिसतंय." ईदीचे पैसे, श्रोतेहो! त्याच्याकडे बघवेना.

सिनेमांची नक्कल होऊ नये म्हणून एचडीएमआयमधून जाणाऱ्या चित्राला एक कुलूप असतं, त्याला एचडीसीपी म्हणतात. प्लेस्टेशन 3मध्ये ते खेळांनाही लागतं आणि काढताही येत नाही. दुकानदाराने उघडलेला खोका परत घेतला नाही. त्याला तरी काय बोलणार? यंत्र कोणतं, हे मी सांगितलंच नव्हतं.

त्याच यंत्राला दुसरी वाट होती, कॉम्पोनंट वायरची. तिला पाच शेंड्या: हिरवी, निळी, लाल चित्रासाठी आणि दुसरी लाल नि पांढरी आवाजासाठी. या वाटेवर खेळांना कुलूप नाही. तशी डबी कविसंमेलनाच्या मानधनातून आणली. कवितेने घरात काही आणल्याची आपाकडे एवढीच नोंद आहे. तेव्हा एक गोष्ट कळली. कॉम्प्युटरवर चित्र थोडं उशिरा उमटतं, त्याकडे बघत खेळलात तर गोल खाल. खेळायचं ते टीव्हीकडे बघूनच.

प्लेस्टेशन 4 आणि 5मध्ये हे कुलूप सेटिंगमध्ये जाऊन काढता येतं. ते काढलेलं असताना त्यावर सिनेमाची अ‍ॅप मात्र चालत नाहीत. शिवाय ही यंत्रं स्वतःच तासाभरापर्यंतचं रेकॉर्डिंग करतात. तेवढं पुरत असेल तर कार्ड घेऊच नका. घ्यायचंच असेल, तर खोक्यावरच्या 'फोर-के'ला भुलू नका. अनेक स्वस्त डब्या फोर-के चित्र आत घेतात, पण रेकॉर्ड त्याहून लहान करतात. 1920 गुणिले 1080 ठिपक्यांची, सेकंदाला 60 चित्रं न दाबता पाठवायची तर सेकंदाला सुमारे 200 कोटी बिट लागतात. यूएसबी 2.0ची क्षमता कागदोपत्री 48 कोटी. म्हणजे चित्र आधी दाबून लहान करावं लागणार, आणि स्वस्त डबीत ते दाबणं दिसून येतं. यूएसबी 3.0 500 कोटींची आहे. डबी तशी हवी आणि कॉम्प्युटरचं भोकही तसंच हवं. रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

तर, सामना रेकॉर्ड झाला. दम्मामला परतणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर पेन ड्राइव्ह पाठवला. चार दिवसांनी दुल्हेभाईंचा फोन आला. "बेटा, सामना पाहिला. पण त्यात तू कुठे आहेस?"

खरंच की. प्रेक्षकांचा गलका होता, समालोचन होतं, पोराचा आवाज नव्हता. यंत्रातून जे बाहेर पडतं तेवढंच कार्ड घेतं. खोलीतल्या आवाजासाठी माइक वेगळा लावावा लागतो. पुढच्या वेळी लावला. त्यात भाच्याचं ओरडणं आलं, "जेवायला ये रे" म्हणून आपाच्या हाका आल्या, कुकरच्या तीन शिट्ट्याही आल्या.

तो पाहून दुल्हेभाईंनी फोन केला, तेव्हा गोलांविषयी काहीच विचारलं नाही. आपाने त्या दिवशी कुकरमध्ये काय लावलं होतं, ते विचारलं.