वकीलताईला निरोप

(पाड्यावरच्या सभेत वनहक्क समितीतल्या एका बाईनं केलेलं भाषण. बोलली तसंच उतरवून घेतलं आहे.)



मला भाषण येत नाही. पण समितीत बसवलंय, तर निरोपाचं तूच बोल म्हणाले. बोलते.

ही पोर पावसाच्या तोंडाला आली. शहरातल्या कायद्याच्या कॉलेजात शिकते. संस्थेनं सहा महिने आपल्याकडं पाठवली. इंटर्न म्हणतात तिला. आपल्या तोंडी ते बसेना, आपण तिची वकीलताई केली. ती रोज सांगायची, मी अजून वकील नाही. आपण कुठं ऐकतो.

पहिल्याच आठवड्यात तिनं शेवळाची भाजी केली, काकडं न घालता. आख्ख्या घराचा घसा खाजला. हसू नका, तुम्ही पण खाल्लीत. मला वाटलं, हिला भाजी कळत नाही, हिला आपला प्लॉट काय कळणार.

मग ती घरोघर फिरली. जुना कागद असेल तो दाखवा. आपण म्हटलं, आपल्याकडं कसला कागद? होत्या त्या दंडाच्या पावत्या. जंगलखात्यानं बापाला, सासऱ्याला धरून अतिक्रमण म्हणून दंड केला, त्याच्या. लाजेनं कुडात, कणगीच्या मागं खोचलेल्या. माझ्या सासऱ्याची पावती वाळवीनं अर्धी खाल्लेली. मी ती चुलीत घालणार होते. ती म्हणाली, मावशी थांबा, ह्याच्यावर साल आहे. त्या साली तुम्ही तिथं कसत होता हे सरकारनंच लिहून दिलंय. आणि आपल्याला दाखवायचं तरी काय असतं? 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसतोय, एवढंच. सासऱ्यानं त्या दंडासाठी शेळी विकली होती. तो कागद आता दाव्याला जोडलाय.

पावती नाही त्यांच्यासाठी म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. पुरावे दोन लागतात, त्यात अर्जदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो, हे आपल्याला ठाऊक होतं. पण आजोबांना साल कुठं सांगता येतं? ती चिडली नाही. 72 च्या दुष्काळात हा बांध होता का? तेव्हा तुमचं लग्न झालेलं का? थोरला पोरगा चालत होता का? असं विचारता विचारता अंधार पडायचा.

आता एक कडू बोलते, तिच्या समोरच. आपण सगळं तिच्यावर टाकलं. अर्ज ती लिहिणार, पोच ती आणणार, साहेबाशी ती बोलणार. आपण नुसता अंगठा द्यायचा. भादव्यात ती तापानं 8 दिवस पडली, तर समितीचं रजिस्टर 8 दिवस उघडलं नाही. मी पण उघडलं नाही, मी समितीत असून. हे तिच्या आधी लक्षात आलं. उठल्यावर तिनं लिहायचं बंदच केलं. बारावी झालेल्या आपल्या दोन पोरींना बसवलं आणि स्वतः बाजूला बसून बघत राहिली. मला राग आला होता. एक अर्ज लिहायला दोन दिवस, तीनदा फाडला! आता त्या पोरी नकाशा वाचतात, आणि पोच हातात पडल्याशिवाय कचेरीतून हलत नाहीत.

आपले 11 दावे वरच्या समितीनं नाकारलेत. कारण काय, तर पुरावा अपुरा. कुठला अपुरा, ते लिहिलेलं नाही. जिल्हा समितीकडं अपील करायला 60 दिवस असतात, त्यातले 38 गेले. आणि वकीलताई उद्या चालली. परवा कुणी म्हणालं, तिला महिनाभर थांबवून घ्या. मी नाही म्हटलं. तिची परीक्षा आहे. आणि आज थांबवली तर पुढच्या महिन्यात पण थांबवावी लागंल.

बाय, नागलीचं पीठ बांधलंय, सुकटीची पुडी आहे. वास येईल, गाडीत खिडकीपाशी बस. परत ये, पण काम करायला नको येऊ. शेवळं निघाली की ये, काकडं मी घालीन.

कागदाच्या पेटीची चावी अजून तुझ्या गळ्यात आहे. ती काढ आणि या दोघींकडं दे. इथंच, सगळ्यांसमोर दे.

ज्या 11 जणांचं अपील आहे त्यांनी सोमवारी पहिल्या एसटीला यायचं. नकला आणा, मूळ कागद पेटीतच राहू द्या. जोहार.